हरभऱ्यांनी मोजलेली बदकं

आई, तुझ्या वह्या कॉम्प्युटरवर चढल्या! पाचही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून लिहायला बसले. साठच्या दशकात बेळ्ळंदूरच्या तळ्यावर थंडीत किती बदकं उतरायची, हे संशोधकांना हवं आहे. आणि ते मोजून कुणी ठेवलंय? तर कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या, सातवी शिकलेल्या एका बाईने, दर रविवारी, हौसेने. बाबा चिडवायचे, "बदकं तुला पगार देणार आहेत का?" आता अशा हौशी लोकांच्या वह्या शोधत शास्त्रज्ञ दारोदार फिरतात, आई!

मला अजून दिसतं, तू काठावर उभी आहेस. दहा बदकांमागे एक हरभरा पदरात टाकते आहेस. घरी येऊन ते वाटीत ठेवलेस, आंघोळ करून मोजायला आलीस, तर वाटी रिकामी. मी ते उसळीसाठी भिजत घातलेल्या हरभऱ्यांत ओतून मोकळी झाले होते. "अंदाजे चाळीस धर ना," मी म्हटलं, तर तू अशी कडाडलीस! "अंदाजाने मीठ घालतात, बाई. मोजलं नाही ते लिहायचं नाही." आकड्याची जागा कोरी ठेवलीस आणि शेरा लिहिलास: आजची मोजणी उसळीत गेली.

वह्या उतरवून घेणारी मुलगी बेळगावकडची. तिने फोन केला, "अक्का, हे उसळीचं काय ते स्वल्प सांगा की!" सांगितलं, तर हसता हसता म्हणाली, "आईंनी कोऱ्या सोडलेल्या जागा बघूनच बाकीच्या आकड्यांवर आमचा विश्वास बसला बघा." मी आनंदाने रडलेच.

पण एक आकडा खोटा आहे, आई. तुला ताप होता म्हणून त्या रविवारी तू मला पाठवलंस. मी तळ्यावर गेलेच नाही. मैत्रिणीकडे सागरगोटे खेळत बसले आणि तिच्याच डब्यातले एकवीस हरभरे घेऊन आले. तू ते अंथरुणात बसून दोनदा मोजलेस, दोनशे दहा लिहिलेस. पुढे शेरा, लेकीने मोजली. पाच वह्यांत माझा उल्लेख तेवढाच.

तो आकडा आता त्यांच्या अभ्यासात जाणार. काढून टाका, हे सांगायला काल मी त्या मुलीला फोन लावला. "आईचं अक्षर छान आहे ना?" एवढंच विचारलं, आणि ठेवून दिला.