पाहुण्यांची पांढरी न्सिमा

पोरी तादाला, पाहुणे आले की तुला कोंड्यासकट दळलेल्या मक्याच्या पिठाची लाज वाटते. बाबांच्या साखरेच्या दुखण्यावर डॉक्टरनं तेच खायला सांगितलंय. तरी दर रविवारी चर्चची माणसं आली की तू कोंडा काढलेल्या पांढऱ्या पिठाची न्सिमा, ती घट्ट उकड, रांधायचीस आणि बाबांनाही तीच वाढायचीस. "दुष्काळातलं अन्न चारचौघांत कसं वाढू, आई?" म्हणे! मीही पाहुण्यांदेखत गप्प बसले.

आज बाबांच्या पायाचा अंगठा काळा पडलाय. झोम्बा शहरातल्या दवाखान्यात नेतेय. पाय कापावा लागेल म्हणतात. उरलेलं पांढरं पीठ कोंबड्यांना घाल. रडत मागे येऊ नकोस. आलीस तर सगळ्यांदेखत तोंडावर ऐकशील, "पोरी, तुझी शान राहिली, बापाचा पाय चालला."