आप्पांचं 'व्हय'

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण लकवा मारल्यावर तुमच्या तोंडात जो एकच शब्द उरला होता, त्या 'व्हय'चा मला अजून भरवसा वाटत नाही. मी आता निपाणीत वाचा गेलेल्या माणसांना आणि उशिरा बोलणाऱ्या मुलांना बोलतं करायचं काम करते. या कामानं मी भलतीच संशयी झालेय. मूल गप्प असलं आणि आईच "त्येला तहान लागलीया" म्हणाली, की मी मुलाकडंच बघत राहते. पेशंटच्या वतीनं जो फार ठामपणे बोलतो, त्याचं मी काहीच खरं धरत नाही.

परवा सदलग्याहून एकजण लकवा मारलेल्या वडिलांना घेऊन आला. म्हाताऱ्याला थोरल्या मुलाकडं बेळगावला धाडायचं घरात चाललं होतं. "बाबास्नी सगळं समजतंय, मॅडम. जायला तयार हायत. इचारा की." म्हातारा लगेच म्हणाला, "व्हय." मी मुलाला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं. "तुम्ही सदलग्याचे न्हवं?" "व्हय." "बोरगावचे?" "व्हय." "मग कोगनोळीचे?" "व्हय," तितक्याच खुशीत. आमच्या कामात हे आधी बघायचं असतं. उलटसुलट विचारलं की होकार मनातला आहे की नुसता तोंडी बसलेला, ते कळतं. मुलाला आत घेऊन सांगितलं, चित्रांवर बोट ठेवायला लावून पुन्हा विचारू, तोवर यांना कुठं हलवायचं नाही. त्याचं तोंड उतरलं. मला मात्र आपलं स्वयंपाकघर आठवलं.

तुम्ही भिंतीला टेकून बसलाय, आई भाकरी थापतेय. तुमचा धाकटा भाऊ, माझा काका, विचारतोय, "दादा, पोरीचं लगीन ठरवू न्हवं?" "व्हय." काका खूश होऊन बाहेर गेला, तशी मी तुमच्यापुढं बसले. "आप्पा, मी शिकायला बेळगावला जाऊ?" "व्हय." आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि मागं न बघता म्हणाली, "ऐकलंस न्हवं? मग जा." काका पुढं कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही. लकव्याआधी तुम्ही माझ्या शिकण्याविषयी बरंवाईट एक अक्षर काढलं नव्हतं. आईलाही तुमचा होकार पोकळ वाटला असणार, असा मला दाट संशय आहे, पण विचारायला आता तीही नाही.

तेव्हापासून जो भेटेल त्याला मी सांगत आले, मला आप्पांनी शिकायला पाठवलं. काकाला मिळालेलं 'व्हय' खोटं आणि मला मिळालेलं खरं, हे कुठल्या तोंडानं म्हणू? हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. आज तुम्ही माझ्यासमोर पेशंटच्या खुर्चीत बसला असता, तर एकच प्रश्न पुरला असता. "आप्पा, मी घरीच राहू?" मी तो विचारला नसता.