नापास केलेला काटा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकलोय खरा, पण सरळ व्हायला वेळ लागेल, तोवर पत्र लिहून घेतो.) डाव्या डोळ्याने आता कितपत दिसतं, भाऊजींच्या पाठीवरची जखम भरली का, हे विचारायचं तोंड मला नाही, तरी विचारतो. भाऊजी अंथरुणाला खिळले त्याला सहा वर्षं झाली. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आजवर तीनदा पुढे गेलं, कारण त्यांना उचलायला, कुशीवर वळवायला दहा दिवस कोणीतरी हवं, आणि ते कोणीतरी म्हणजे मीच. पहिल्यांदा मी घर रंगवायला काढलं. दुसऱ्यांदा माझी कंबर धरली. आणि या खेपेला तुझं पत्र आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी पायी यात्रेला निघालो. देवाचं काम म्हटल्यावर तू काही बोलणार नाहीस अशी माझी अटकळ होती. तू खरंच काही बोलली नाहीस. त्यामुळे जास्तच अवघडलो, पण निघालो.

तर यात्रा पार पडली. एकवीस दिवस, थेट डोंगरावरच्या देवस्थानापर्यंत, सगळी पायी. आमची टोळी चौघांची. ठरवून जमलेली नव्हे. पहिल्या मुक्कामी एकाच बाकावर चौघं आपापले पाय चेपत बसलो होतो, तिथून जमली. एक पाववाल्या बाई, वय सहासष्ट, चाळीस वर्षं भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या, हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. एक ट्रक ड्रायव्हर, आयुष्यभर बसून प्रवास केला म्हणून आता पायी निघालेला. आणि एक निवृत्त हेडमास्तर, जे दर फर्लांगाला मागे वळून सगळे आहेत ना ते मोजायचे. (चौघांत मोजण्यासारखं काय असतं, पण मोजायचे.) या वाटेवर कोणी कोणाचं नाव विचारत नाही, फक्त काय काम करत होतात तेवढं विचारतात. मी चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो हे कळल्यावर मी काटेसाहेब झालो. नोकरीत लोक साहेब म्हणायचे ते घाबरून. इथे चेष्टेने म्हणत होते, तरी मला ते फार आवडलं.

आता माझा स्वभाव तुला माहीत आहे. हुकाचा काटा मी बरोबर घेतलाच होता. पहिल्याच सकाळी मी तिघांच्या पिशव्या टांगून तोलल्या (बाईंची पाच किलो, हेडमास्तरांची सात, ड्रायव्हरची चार आणि वर एक उशी) आणि वाटेवर किती ओझं घ्यावं यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. मग माझी पिशवी तोलली. साडेचौदा किलो. तीत इस्त्री होती (देवासमोर चुरगळलेल्या कपड्यांनी जायचं का), पितळी पातेलं होतं, जादा बूट होते आणि वजनमापे कायद्याचं जाड पुस्तक होतं, जे मी सेवानिवृत्तीनंतर निवांत वाचणार होतो. मी म्हणालो, मला वजनाची सवय आहे.

सहाव्या दिवशी मी चढावर मटकन खाली बसलो. ओठ निळे पडले होते म्हणे. मी म्हणालो, गॅस झालाय. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मला पाणी पाजलं.

त्यानंतर मात्र चमत्कार झाला. रोज सकाळी पिशवी पाठीवर घेतली की कालच्यापेक्षा हलकी लागायची. मी मनात म्हटलं, ही वाटेची पुण्याई. मग मोठ्याने म्हणायला लागलो. मंडई म्हणू नकोस, पेढी म्हणू नकोस, आयुष्यभर माणसांच्या लबाड्या हाताने ओळखल्या, पण अंगात अशी ताकद कधी आली नव्हती. बाराव्या दिवशी खात्री करायला पिशवी काट्याला टांगली. काटा म्हणाला, सहा किलो. मी पुन्हा टांगली. सहाच. तेव्हा मी, चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने, काय करावं? मी काटा नापास केला. रीतसर चिठ्ठी लिहिली, 'वापरास अयोग्य', खाली सही केली आणि ती काट्याला दोऱ्याने बांधली. हेडमास्तरांना तेव्हा जोराचा खोकला आला आणि ते बराच वेळ झाडामागे जाऊन उभे राहिले.

सतराव्या दिवशी धर्मशाळेच्या अंगणात पाववाल्या बाईंच्या पिशवीचा पट्टा तुटला आणि आतून माझी इस्त्री फरशीवर पडली.

ताई, मी त्या इस्त्रीकडे बघतच राहिलो. मग ड्रायव्हरने मान खाली घालून आपली पिशवी उघडली. कायद्याचं पुस्तक आणि बूट. हेडमास्तरांकडे पातेलं. माझ्या पिशवीत हात घातला तर वर माझे कपडे आणि खाली सगळी चुरगळलेली वर्तमानपत्रं, पोकळी कळू नये म्हणून रोज ताजी भरलेली. अकरा दिवस त्या तिघांनी माझं ओझं वाटून घेतलं होतं आणि अकरा दिवस मी त्यांच्यापुढे माझ्या ताकदीच्या गप्पा मारत होतो. मी विचारलं, टाकून का नाही दिलंत? बाई म्हणाल्या, "तुमची वस्तू आहे. पोचल्यावर लागेल ना."

डोंगर मी पाहिला. पहाटे दरीतून हजारो माणसं एकही शब्द न बोलता वर चढताना पाहिली, अंगावर काटा आला. देवाचं दर्शनही झालं. पण मी सगळ्यात जास्त थक्क झालो ते त्या अंगणात. सहासष्ट वर्षांची बाई, ओळख जेमतेम दोन आठवड्यांची, आणि माझी इस्त्री पाठीवर घेऊन चढ चढते, वर मला विचारते, आज बरं वाटतंय ना. माणसं अशी असतात हे मला एवढ्या वयात ठाऊक नव्हतं. ठाऊक कसं नव्हतं म्हणा, तू होतीस की. मी बघायला आलो नाही.

असो. पायांचे फोड बरे होत आहेत. भाऊजींना माझा नमस्कार सांग. तू वाचणार म्हणून अक्षर मोठं काढलंय.

तुझा,
धाकटा

ता.क. सगळी यात्रा पायी केली असं वर लिहिलंय, त्यात थोडी दुरुस्ती. शेवटचा चढ मी ड्रायव्हरच्या पाठीवर बसून चढलो. माझं वजन अठ्ठ्याहत्तर. त्याने कुरकुर केली नाही, फक्त माझ्या हातात त्याची उशी दिली.

ता.क. आणखी एक. घर रंगवायला काढलं नव्हतं, आणि कंबर ठणठणीत होती. ज्या भाऊजींनी मला सायकल शिकवताना अर्धं गाव मागे धावून पालथं घातलं, त्यांना पडलेलं बघायची मला भीती वाटत होती. दुसरं काही कारण नव्हतं.

ता.क. पत्र खरं तर यासाठी लिहिलंय. ऑपरेशनची तारीख घे. मी गुरुवारी येतोय आणि तुझा डोळा नीट बरा होईपर्यंत राहणार आहे. पाववाल्या बाईंनी त्यांच्या आईला नऊ वर्षं वळवलं, उचललं, आंघोळ घातली. परतीच्या मुक्कामी त्यांनी मला शिकवलं. हेडमास्तर पेशंट होऊन बाकावर झोपले होते आणि पडल्या पडल्या चुका काढत होते. पहिल्या दिवशी दहापैकी दोन मार्क दिले, काल सहा. पास आहे. तरी पहिले दोन दिवस तू समोर खुर्चीत बस आणि चुकलो तर सांग, पण उठू नकोस.

फक्त मी यायच्या आधी भाऊजींना एकदा विचारून ठेव, माझा हात लागलेला त्यांना चालेल का.