फिजिक्सला बारा जण

मंगळवार, २ सप्टेंबर

ठरलं! फिजिक्स! मी आणि टिटवी, दोघीही. मधल्या सुट्टीत जिन्याखाली हातावर हात मारून शपथ घेतली. मागे फिरेल तिच्याशी जन्मभर बोलायचं नाही. हे कलम टिटवीनंच घातलं, मी नाही.

अर्ज गुलाबी आहे, लग्नपत्रिकेसारखा. शेवटच्या परीक्षेचे विषय त्यात भरायचे आणि मग दोन वर्षं तेच. भाषा, गणित, केमिस्ट्री सगळ्यांच्याच बोकांडी. खाली दोन चौकोन — फिजिक्स, बायॉलॉजी. खूण एकातच करायची, कारण दोन्हींचा तास एकाच वेळी. दोन्ही हवं असेल तर अंगाचे दोन तुकडे करा!

आणि वर एक मेख. कुठल्याही विषयाला बारा मुलं जमली तरच वर्ग निघणार. नाहीतर वर्ग रद्द, मुलं दुसऱ्या विषयात ढकलणार. बायॉलॉजीला रांग लागलीय. फिजिक्सला काळं कुत्रं फिरकत नाही, कारण तिथे लंबक सर. वर्गभर दारापासून खिडकीपर्यंत झोके घेत शिकवतात आणि मार्क देताना हात आखडतो. गेल्या वर्षी निम्मे गचकले.

मला नाही भीती. टिटवीला आहे, पण ती माझ्याबरोबर विहिरीतसुद्धा उडी मारेल. पहिलीपासून एकाच बाकावर आहोत. आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जावा, म्हणून टिटवी.

गुरुवार, ४ सप्टेंबर

बाबांना आज सांगितलं. मनात धाकधूक होती. वर्गातल्या निम्म्यांच्या घरी रणकंदन चालू आहे — डॉक्टर हो, नाहीतर घराबाहेर हो. बाबा म्हणाले, “तुझ्या मनाला येईल ते घे. मी आडवा यायचा नाही.” आणि तिथल्या तिथे अर्जावर सही! पालकाच्या रकान्यात, त्यांच्या त्या वाकड्या अक्षरात.

आई म्हणाली, “बघा हं, मग म्हणू नका.” बाबांनी पेनाला टोपण लावलं.

खरं म्हणजे माझ्या डोक्यात फिजिक्स शिरलं ते बाबांमुळेच. ते चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासतात. पाणी, राळ, घासायचं चाक, आणि बाबांची बोटं कायम भिजून सुरकुतलेली. प्रत्येक भिंगाच्या कडेला ते काच कापायच्या हिरकणीच्या टोकानं त्यांची खूण करतात. एक आडवी रेघ, खाली टिंब. इतकी फिकी की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भिंगावर तोंडाची वाफ सोडली की क्षणभर उमटते आणि जाते. भिंग परत आलं तर आपलं कुठलं ते कळावं म्हणून. मालकालाही माहीत नाही. फक्त मला माहीत आहे.

लहानपणी मी शेजारपाजारच्यांचे चष्मे मागून हा-हा करत बसायची. विचारायची, बाबा, वाफेत का दिसते? ते म्हणायचे, “दिसते, झालं!” मग गेल्या वर्षी लंबक सरांनी सांगितलं, चरा पडलेल्या काचेवर वाफेचे थेंब वेगळे बसतात, म्हणून तिथून प्रकाश वेगळा विखुरतो. दहा वर्षं डोक्यात अडकलेलं कुसळ त्यांनी दोन वाक्यांत काढलं! त्या दिवसापासून मी फिजिक्सची.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

दहा जण झाले. दोन हवेत. सगळ्यांचे पाय धरणं चालू आहे.

सोमवार, ८ सप्टेंबर

बारा! बरोब्बर बारा!! अकरावा तो ढेरपोट्या, सहामाहीला गणितात पहिला आला तो. बारावा त्याचा भाऊ — भाऊ गेला म्हणून हा गेला. शेळ्यामेंढ्यांचा असाही उपयोग होतो.

जेवताना मी सगळं बडबडले. बारा म्हणजे मला आणि टिटवीला धरून. एक जरी गळला तरी वर्ग बंद. बाबांनी विचारलं, “एक जरी?” म्हटलं, “एक जरी! म्हणून तर टिटवीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलंय. तीच कच्चा दुवा.” बाबा हसले.

मग ते दुकानातलं सांगत बसले. आज पुन्हा त्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर चुकीचा लिहिला आणि बोलणी बाबांनी खाल्ली. “त्यांनी लिहायचं, आपण घासायचं. चुकलं तर आपण चुकलो.” हे ते दर महिन्याला म्हणतात. आईला पाठ आहे, मलाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

टिटवीच्या चष्म्याची डावी काच वर्षभर तडकलेली आहे. चिकटपट्टी लावलीय. फळा दिसत नाही म्हणून माझ्या वहीतून उतरवते. मी आज बाबांना पुन्हा गळ घातली, तिला एक काच घासून द्या ना. फिजिक्सला फळा दिसला नाही तर मेलीच ती. बाबा नेहमीचंच बोलले, “मालक काचा मोजून देतो ग. अशी कशी देऊ?” मी रागानं ताट सरकवलं. नंतर वाईट वाटलं. त्यांच्या हातात तरी काय आहे?

गुरुवार, ११ सप्टेंबर

टिटवीला नवा चष्मा! तपकिरी फ्रेम, दोन्ही काचा कोऱ्या करकरीत. म्हणाली, मामानं पाठवला. देव त्या मामाचं भलं करो! तिच्यापेक्षा मीच जास्त नाचले.

ती मात्र दिवसभर गप्प. टिटवी आणि गप्प! म्हटलं, डोकं दुखतंय का? नव्या नंबरानं दुखतं. म्हणाली, “हो, तसंच काहीतरी.”

शुक्रवार, १२ सप्टेंबर

अर्ज दिला. टिटवी म्हणाली, तू हो पुढे, मी दुपारी देते. वेंधळी! घरी विसरून आली असणार.

सोमवार, १५ सप्टेंबर

यादी लागली. फिजिक्स — अकरा.

मी तीनदा मोजली. बोट ठेवून मोजली. टिटवीचं नाव नाही. बायॉलॉजीच्या यादीत आहे, एकोणतिसावी. शाईनं, नीट, छापल्यासारखं. खाली लाल अक्षरांत: फिजिक्सचा वर्ग यंदा नाही, त्या विद्यार्थ्यांनी बायॉलॉजीला बसावं.

मला वाटलं, कारकुनाची चूक. पळत कचेरीत गेले. कारकूनबाईंनी गठ्ठ्यातून तिचा अर्ज काढून दाखवला. आधी फिजिक्सवर केलेली खूण खोडलेली, आणि बायॉलॉजीवर नवी. अक्षर तिचंच. ते मी आंधळी झाले तरी ओळखीन, पहिलीपासून तिनं माझ्याच वहीत लिहिलंय!

कोणाच्या मांडीवर विश्वासानं डोकं ठेवावं आणि तिनं केसानं गळा कापावा! माझाच नाही, अकरा जणांचा. ढेरपोट्याचा तर चेहरा बघवत नव्हता.

टिटवी शाळेत आलीच नव्हती. चोराच्या मनात चांदणं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आज आली. मी भर वर्गात विचारलं. सगळ्यांसमोर, मुद्दाम.

“का?”

गप्प.

“घाबरलीस?”

गप्प.

“मग काय मिळालं तुला? कितीला विकलंस आम्हाला? बोल ना!”

ती नुसती नवा चष्मा नाकावर सारत राहिली. एकदा, दोनदा, तीनदा. डोळ्यांत पाणी होतं. मला म्हटलं तर बरंच वाटलं. मग म्हणाली, “तुझं वाईट नाही व्हायचं त्यात.” तेही हळू. तिच्या गळ्यातून असा आवाज निघतो हेच मला ठाऊक नव्हतं.

माझं वाईट! आधी झोपडी जाळायची, मग वर शेक घ्या म्हणायचं. तिच्याकडच्या माझ्या सगळ्या वह्या परत मागितल्या. बाक बदलला. वर्गात आता तिच्याशी कोणी बोलत नाही. ती व्यवस्था मी केली आहे, आणि मला लाज वाटत नाही.

बुधवार, १७ सप्टेंबर

लंबक सरांकडे गेले. ते प्रयोगशाळेतली भिंगं कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवत होते. म्हटलं सर, मी एकटी बसते, बाहेरून परीक्षा देते. म्हणाले, “प्रयोगवहीवर शाळेचा शिक्का लागतो, आणि शिक्का वर्गाशिवाय मिळत नाही. बारा म्हणजे बारा.” मग झोके घेत खिडकीपर्यंत गेले आणि तिथेच थांबले, परत फिरले नाहीत. मी त्यांना असं उभं कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनाही सांगितलं, टिटवीनं केलं. ते म्हणाले, “त्या पोरीनं? आठवड्यापूर्वी माझ्याकडे शंका घेऊन आली होती. लागोपाठ दोन धडे पुरे केले होते तिनं.” म्हणजे आधी अभ्यास केला आणि मग गळा कापला! कसलं हे डोकं.

सोमवार, २२ सप्टेंबर

आठवडाभर घरात मी कोणाशी धड बोलले नाही. आज बाबा लवकर आले, माझ्याजवळ बसले. त्यांच्या बोटांना राळेचा वास होता. म्हणाले, “माफ करून टाक ग तिला. गरिबाची पोर आहे. प्रत्येकाची काहीतरी अडचण असते.”

मी म्हटलं, “बाबा, तुम्हाला कोणी असं फसवलं असतं तर?”

ते नखातली राळ खरवडत राहिले. मग म्हणाले, “बायॉलॉजी वाईट नाही. आता मिळालंय तर मन लावून कर. पुढं तुलाच बरं वाटेल.”

मला रडू आलं. किती साधा माणूस! माझं सगळं पाण्यात गेलं आणि याच्या मनात त्या बयेची दया. आई भांडी आदळत होती. ओट्याकडून म्हणाली, “बास करा आता.” कोणाला म्हणाली कोण जाणे.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

बेडकाच्या पोटात काय काय असतं ते शिकले. माझ्या पोटात काय आहे ते कोणी विचारत नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

बाबांनी माझ्यासाठी हातात धरायचं भिंग करून आणलं! मालकाकडून फुटकी काच मागून घेतली आणि सुट्टीच्या दिवशी बसून घासलं. पितळेची कडी, लाकडी मूठ. “पानाच्या शिरा बघ यातून,” म्हणाले.

मी वाफ सोडली. कडेला रेघ, खाली टिंब. उमटली आणि गेली. पुन्हा सोडली, पुन्हा आली. चारपाच वेळा तेच केलं, लहानपणीसारखं.

आता लिहायला हरकत नाही. या सगळ्या धुमाळीत माझ्या बाजूनं एकच माणूस उभा राहिला. पुढल्या आठवड्यापासून रडगाणं बंद. बाबांसाठी तरी बायॉलॉजी करीन, आणि नीट करीन.

सोमवार, ६ ऑक्टोबर

उद्या पहिलं प्रात्यक्षिक. हजेरीच्या क्रमाने जोड्या लावल्या — माझी जोडीदारीण टिटवी! बायॉलॉजीच्या बाईंना म्हटलं बदला. म्हणाल्या, “कांद्याचा पापुद्रा बघायचाय, संसार नाही करायचाय.”

मंगळवार, ७ ऑक्टोबर

सूक्ष्मदर्शकात बघायला टिटवीनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझ्या मनात आलं, अंगठा दाबून काच चांगली बरबटून टाकावी. टाकलीही. मग तिची वाकलेली मान दिसली आणि माझी मलाच लाज वाटली. पुसावी म्हणून काचेवर वाफ सोडली.

रेघ. खाली टिंब.

दुसऱ्या काचेवर सोडली. तीच.

टिटवीनं मान वर केली. माझ्या हातातला चष्मा बघितला आणि पांढरी पडली. मग म्हणाली, “तुझे बाबा शाळेबाहेर भेटले होते. म्हणाले, तिला नाही म्हणायचं धाडस मला होत नाही, तू मागं फीर. दुसऱ्यांनी लिहिलेले नंबर नाही घासायचे तिनं, डॉक्टर व्हायचं. चष्मा मी नको म्हटलं होतं ग. त्यांनी हात जोडले. माझ्यापुढं. मग मला नाही म्हणता आलं नाही.”

घरी आले. बाबा हात पुसत होते. “झालं का प्रात्यक्षिक? जोडीला तीच होती ना? केलंस का माफ?”

मी म्हटलं, “तिला केलं.”