चाळीस मीटर पाइप तरंगले त्याची हकीकत

तीर्थरूप मामांना,

खड्ड्याच्या काठावरून जमेल तितकं वाकून नमस्कार. (जास्त वाकलो तर आत जाईन, आणि सध्या मला बाहेर काढायला कोणी धावेल असं वाटत नाही.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला थांबला का? माझं विचाराल तर ताप नाही, पण दोन घास घशाखाली उतरत नाहीत.

तुम्ही उभा जन्म सांडपाण्याचे पाइप जमिनीत पुरण्यात घालवलात. मला या कामाला लावताना एकच गोष्ट बजावली होतीत: पाइपावर माती पडेपर्यंत पंप बंद करायचा नाही. मी ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली. वही कपाटात अगदी सुरक्षित आहे.

इथे जमिनीखालचं पाणी फार वर आहे. कमरेइतकं खणलं की तळाला पाझर फुटतो, म्हणून पंप सारखा धडधडत असतो. प्लास्टिकचे मोठे पाइप चाळीस मीटरपर्यंत जोडून झाले होते, ढाळ नेमका साधला होता. आत कचरा जाऊ नये म्हणून मी दोन्ही तोंडांना घट्ट झाकणंही लावली. (अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं मामी माझ्याकडे बघूनच का म्हणतात ते आता कळलं.) तेवढ्यात समोरच्या शिकवणीच्या बाई आल्या. पोरांची परीक्षा तोंडावर आली आहे, या आवाजात काही ऐकू येत नाही, दोन तास तरी बंद ठेवा म्हणाल्या. तीन आठवडे अख्ख्या गल्लीने मला शिव्या घातल्या होत्या, आणि बाई मला चक्क ‘दादा’ म्हणाल्या. मी विरघळलो. पंपवाले काका दोनदा म्हणाले, “साहेब, अजून माती पडली नाही. बंद करू?” मी म्हटलं, “करा हो! दोन तासांत काय आभाळ कोसळतंय?”

आभाळ कोसळलं नाही, मामा. खालून पाणी आलं. आतून कोरडा, दोन्हीकडून बंद, वर मातीचा कण नाही. सगळाच्या सगळा पाइप वर आला आणि आरामात डुलायला लागला. शिकवणी सोडून पोरं काठावर. मी त्याच्यावर बसून त्याला खाली दाबायचा प्रयत्न केला, असं कोणी सांगितलं तर ते खरं आहे. (पाइप गोल असतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.) मग झाकणं काढली, आत पाणी शिरलं, पाइप बसला, पण तोवर खाली गाळ सरकला होता, त्यामुळे मध्ये उंचवटा आला. वरच्या चेंबरमध्ये दहा बादल्या ओतून पाहिल्या. पाणी अर्ध्यापर्यंत गेलं, विचार बदलून परत आलं आणि माझे बूट भिजवले. आता सगळं उकरावं लागणार.

मोठ्या साहेबांनी विचारलं, पंप कोणी बंद केला? मी म्हटलं, बटण पंपवाल्यांनी दाबलं. यात खोटं काय आहे? त्यांना त्याच क्षणी कामावरून काढून घरी पाठवलं. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला माझीच लाज वाटते.

सर्वांना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. गुरुवारी चौकशी आहे. तुम्ही या. बोलू नका, नुसते माझ्या शेजारी बसा. तुमच्यासमोर मला खोटं बोलता येत नाही.

ता. क. २. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात पंपवाले काका आले. मला वाटलं, भांडायला आले. त्यांनी पंपखोलीची किल्ली दिली आणि म्हणाले, “नवीन येईल त्याला सांगा, सकाळी आधी पंपात पाणी भरून मगच सुरू कर म्हणावं, नाहीतर जळेल.” मी किल्ली घेतली. ‘बरं’ म्हणालो. एवढंच म्हणालो, मामा. गुरुवारची वाट बघू नका, पत्र मिळताच निघा.