दाराएवढी करंगळी

क्वीन्स, न्यूयॉर्क
९ मार्च १९६५

ती. सेराफिना ताईस,
एत्तोरेचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुझ्या हातून एक गंभीर प्रमाद घडला आहे आणि तो निदर्शनास आणणं हे धाकट्या भावाचं कर्तव्य ठरतं. तू पाठवलेल्या बडीशेपेच्या बिस्किटांचा मार्गातच संपूर्ण चुरा झाला. बेर्थाने तो चमच्याने खाल्ला आणि वर म्हणाली, की नणंदेचं प्रेम चावावं लागत नाही हे उत्तमच. बिस्किटं ज्या कागदात गुंडाळली होतीस तो कागद मात्र सुखरूप पोचला. उलट व्हायला हवं होतं.

कारण तो कागद म्हणजे एका चकचकीत मासिकाचं पान होतं. उगो भावोजींच्या सलूनमधलंच असणार. त्यावर लोण्याचा डाग, आणि डागाच्या मधोमध टेलिफोन कानाला लावून रडणारी एक बाई. खाली लिहिलं आहे, की हे चित्र दाराएवढं आहे, मॅनहॅटनच्या एका गॅलरीत लागलं आहे आणि चित्रकाराने आजच्या जगण्याचं मर्म पकडलं आहे. ताई, ते मर्म मी चार वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पकडलं होतं, ‘हृदयाची हाक’ या चित्रकथांच्या अंकासाठी. त्याने संवादाच्या फुग्यातले शब्द बदलले, केस पिवळे केले. अश्रू मात्र जिथल्या तिथे आहेत.

तू विचारशील, ती बाई तुझीच कशावरून? आमच्या कंपनीत चित्रावर नाव घालायची सोय नाही. कोणी घातलंच, तर संपादक स्वतः पांढऱ्या रंगाची बाटली घेऊन येतात आणि बुजवतात. म्हणून जो तो काहीतरी लपवतो. माझ्या शेजारी बसणारा मॉरिस भिंतीच्या भेगांत बायकोचं नाव लपवतो. मी माझ्या प्रत्येक नायिकेला तुझ्या डाव्या हाताची करंगळी देतो. बाहेर वळलेली, आईकडून तुला आलेली. (मला आईने नाक दिलं. ते कुठल्याच नायिकेला देता येत नाही.) त्या गृहस्थाला यातलं काय ठाऊक! त्याने ती वाकडी करंगळी मोठ्या निष्ठेने दाराएवढ्या चित्रात चढवली आहे.

मी रागावलेलो नाही. दोन ब्रश मोडले, ते जुनेच होते. प्रदर्शन महिनाअखेरपर्यंत आहे म्हणे. कामामुळे मला जाता येणार नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.

भावोजींना नमस्कार. लोभ आहे तसाच ठेव, फक्त यापुढे तो डब्यात भरून पाठव.

तुझा
एत्तोरे

*

प्रॉव्हिडन्स
२२ मार्च १९६५

चि. एत्तोरेस,
अनेक आशीर्वाद.

तुला सवड नव्हती, मला होती. शनिवारी मी आणि हे पहाटेची गाडी धरून तिथे जाऊन आलो. तुला कळवलं नाही. कळवलं असतं, तर पाद्री व्हायला गेलास तेव्हा सेमिनरीत घोकलेल्या लॅटिनमधून तू मला क्षमाधर्म शिकवत बसला असतास.

मी चर्चला जायची टोपी घातली होती. आत शिरल्याबरोबर चित्र समोरच. अरे, केवढी ती करंगळी, माझ्या हाताएवढी! यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, की एवढ्या वर्षांत माझ्यासाठी तू कधी असं रडली नाहीस. मी म्हटलं, की आधी कुठे निघून तर जा, मग रडते.

मग मी हातमोजा काढला आणि डावा हात कानाशी धरून चित्राला लागून उभी राहिले. एक म्हातारे गृहस्थ थांबले, मग आणखी चारदोन. एका बाईंनी मला विचारलं, की तुम्ही प्रदर्शनाचाच भाग आहात का. मी सांगितलं, की भाग नव्हे, मूळ.

काळ्या पोशाखातली एक मुलगी धावत आली आणि माहितीपत्रक हवं का म्हणाली. मी म्हटलं, की मला माहिती नको, द्यायची आहे. तेव्हा तिचे साहेब आले. फार गोड बोलतात. म्हणाले, की चित्रकार रोजच्या वापरातल्या निनावी वस्तू उचलतो आणि त्यांची कला करतो. कधी साबणाची वडी, कधी असली छापील चित्रं. मी विचारलं, की साबणाच्या वडीला आई असते का? निनावी कोण? त्याचं नाव एत्तोरे स्कार्पेल्ली, क्वीन्समध्ये राहतो, लसूण जरा जास्त खातो, आणि ही करंगळी आमच्या आईची आहे! हे थोडं मोठ्याने झालं असावं.

साहेबांनी आम्हाला दार दाखवलं. आमच्या यांनी बाकावर बसकण मारली आणि म्हणाले, की पाय दुखतात, चित्र विकलं जाईपर्यंत दुखत राहतील असं वाटतं. अखेर निघालो, तेव्हा त्या मुलीने हळूच तुझं नाव पुन्हा विचारलं आणि चित्राशेजारच्या पाटीवर पेन्सिलीने लिहिलं. साहेब पुसतील. पुसू देत. मी येत्या शनिवारी पुन्हा जाणार आहे.

आता खरं सांग, तू का गेला नाहीस? कामाचं मला सांगू नकोस. ती गॅलरी तुझ्या घरापासून भुयारी गाडीने अर्ध्या तासावर आहे.

बेर्थाला आशीर्वाद. माया आहेच, पण उत्तर आलं तर वाढेल.

तुझी
ताई

*

क्वीन्स
२५ मार्च १९६५

ती. ताईस,
एत्तोरेचा साष्टांग, या वेळी खरोखरचा.

तुझं पत्र बेर्थाने दोनदा मोठ्याने वाचलं, दुसऱ्यांदा शेजारणीसाठी. पेन्सिलीने का होईना, माझं नाव एकदाचं माझ्या चित्राशेजारी लागलं. याआधी ते फक्त आमच्या टपालपेटीवर लागलं होतं, तेही मीच लावलेलं.

इकडची हकीकत अशी, की त्या चित्राचा बोलबाला आमच्या संपादकांच्या कानी गेला. पुढच्या अंकाचं मुखपृष्ठ त्यांना ‘त्या थोर चित्रकाराच्या धर्तीवर’ हवं आहे. जाड रेघा, मोठाले ठिपके. ताई, ठिपके आम्ही कधी काढलेच नाहीत. ते छापखान्याचे, स्वस्त छपाईत रंग भरताना उमटणारे. त्याने ते भक्तिभावाने हाताने रंगवले आणि आता तेच मी हाताने रंगवायचे. म्हणजे माझी नक्कल करणाऱ्याची नक्कल करण्याचा मान मला मिळाला. वर सूचना, की बाईची करंगळी सरळ कर, विचित्र दिसते.

मी करंगळी वाकडीच ठेवली आणि अंगठ्याएवढी जाड केली. खाली पूर्ण नाव घातलं. पांढरी बाटली आली. मी त्यांच्यासमोर नाव पुन्हा घातलं. बाटली पुन्हा आली. आता तिथे रंगाचा असा उंचवटा झाला आहे, की इथे कोणाचं तरी नाव बुजवलं आहे हे आंधळ्यालाही बोटाने वाचता येईल. आणि त्या उंचवट्यावर आज मी परत नाव घातलं. सोमवारी ते ठरवणार आहेत, की काय काढायचं, नाव की मला. बेर्था म्हणते, की नाव ठेव, नोकऱ्या पुष्कळ आहेत. पुष्कळ नाहीत हे तिलाही ठाऊक आहे.

तू विचारलंस म्हणून सांगतो. बिस्किटांचा कागद आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती बाई आठवणीने काढायला बसलो. सहजच. माझी रेघ बारीक निघते, गालापाशी भरते आणि हनुवटीशी विरून जाते. वीस वर्षं ती विचार न करता तशीच येत आली. त्या दिवशी ती त्याच्यासारखी आली. जाड, निबर, सगळीकडे सारखी. कागद फाडून पुन्हा काढली. पुन्हा तीच. एका डागाळलेल्या पानाने ही गत केली. ते चित्र दाराएवढं समोर पाहिलं असतं तर काय उरलं असतं? म्हणून गेलो नाही.

ईस्टरला ये. खिडकीपाशी टेलिफोन धरून बस, मी तुला पाहून काढीन. हात हलवायचा नाही आणि भावोजींना हसवू द्यायचं नाही. सोमवारी मी भांडणार आहे, त्यानंतरही भांडेन. तुझा लोभ असाच भांडखोर राहू दे.

कळावे ते एवढंच, की ज्या रेघेसाठी भांडतो आहे ती मला आठवत नाही, आणि त्याची मला फार भीती वाटते.

तुझा
एत्तोरे