दोनदा हो

भिसेगाव, कर्जत
५ ऑगस्ट २०२४

चि. ऋजुता हिला बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवर माझी बोटं चालत नाहीत, म्हणून तू रसायनीहून टपालाने लिहितेस. बरं वाटतं.

तुझी आई जाऊन महिना होत आला. भेटायला येणारा प्रत्येक जण खुणेने विचारतो, अनसूयाबाई शेवटी काय बोलल्या? काय सांगू? त्या संध्याकाळी ती माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. मला वाटलं, चहा हवाय. मी हो, हो म्हटलं, पिशवी घेतली आणि डेअरीवर दुधाला गेलो. परत आलो तर शेजारची इंदूबाई दारात रडत उभी. तुझ्या आईच्या शेवटच्या मागण्याला मी नाही म्हटलं नाही, एवढंच समाधान.

कानांचं विचारलंस. टर्बाइनशेजारी जन्म काढलेला माणूस बहिरा व्हायचाच. आम्ही भिवपुरी पॉवरहाऊसवाले लग्नात एका कोपऱ्यात बसून नुसते एकमेकांकडे बघून हसतो. त्यात डॉक्टरला काय दाखवायचं?

जावईबापूंना नमस्कार, सानवीला पापा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा बाबा,
विष्णू


रसायनी
१२ ऑगस्ट

ती. बाबांना ऋजुताचा शि. सा. नमस्कार.

माझं काम तुम्हाला माहीतच आहे. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटचे कागद पाठवतात, मी त्यांना आजाराचे कोड लावते, मग विमा कंपनी पैसे देते. हल्ली माझ्याकडे सगळे कानातल्या मळाचेच कागद येतात. आई सगळ्यांना सांगायची, आमची लेक एवढी शिकली आणि घरबसल्या गोऱ्यांचे कान कोरते!

पण बाबा, त्यात नुसतं मळ आहे असं लिहून भागत नाही. कुठला कान, कशाने काढला आणि मुख्य म्हणजे मळामुळे माणसाला त्रास काय झाला, हे लिहावंच लागतं. नसेल तर मी कागद परत पाठवते. काल एका म्हाताऱ्याचा आला. लाकडाच्या गिरणीत काम केलेला, सगळे म्हणत यंत्राने कान गेले. निघाला मळ. माझा हात तिथंच थांबला. तुमच्या कानात कधी कुणी बत्ती लावून पाहिलंय का हो? आपण सगळे टर्बाइनवर खापर फोडून मोकळे झालो.

आई म्हणायची, ह्यांनी एकदा हो म्हटलं तर ऐकलंय, दोनदा म्हटलं तर काही म्हणजे काही ऐकलेलं नाही, आपण समजून घ्यायचं. ते आठवून काल हसले आणि मग खूप रडले.

शनिवारी हे गाडी घेऊन येतील. निमूटपणे बसा. थोडं रागवा, पण लोभ ठेवा.

तुमची,
ऋजुता


भिसेगाव
२० ऑगस्ट

चि. ऋजुतास अ. आ.

शनिवारी गेलो. डॉक्टरांना बत्ती लावून कानाचा पडदाच दिसेना. थेंब घालून, चिमट्याने दोन्ही कानांतून चिंचोक्याएवढे काळे गोळे काढले. म्हणाले, टर्बाइनने थोडंच नेलंय. मला रस्त्यावरच्या रिक्षांचाही आवाज सोसेना.

आता घड्याळ ऐकू येतं, शेजारचा कुकर ऐकू येतो. तिचा आवाज तेवढा नाही. इतकी वर्षं ती स्वयंपाकघरातून काय काय बोलत असेल, आणि मी पेपर वाचत मान डोलवत बसलो.

डॉक्टरांनी माझ्या कागदावर नुसतं मळ काढला असं लिहिलंय. तू परतच पाठवला असतास. तर त्रास काय झाला ते मी लिहितो.

काल इंदूबाई भाकरी घेऊन आली. मला ऐकू येतंय म्हटल्यावर पदर डोळ्यांना लावून बसली. म्हणाली, भाऊ, त्या सांजंला मी तितंच व्हते, वयनी तुमाला म्हनत व्हत्या, आता कुटं जाऊ नका, माज्याजवल बसा. तुमी हो, हो केलंत नि पिशवी घेऊन गेलात. मी हाका मारल्या, पन तुमाला आयकू नाय आलं. मेल्या मानसाचं बोलनं वरडून कसं सांगायचं, म्हनून गप रायले.

ऋजुता, मी दोनदा हो म्हटलं होतं. तिला समजलं असेल ना गं, की मला ऐकू आलं नव्हतं?

आता फोन ऐकू येतो, तरी याचं उत्तर पत्रानेच दे. तुझा लोभ आहे, तो राहू दे.

बाबा